मातीचा फोटो

माझ्या कॅमेऱ्याचं भिंग निघत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण खाडीवर भेटणारे फोटोवाले पहिलं तेच विचारतात. त्यांच्या पाठीवर पिशव्या असतात, पिशव्यांत तऱ्हेतऱ्हेची भिंगं असतात. माझं एकच आहे आणि ते जन्मापासून कॅमेऱ्याला चिकटलेलं आहे. बटण दाबलं की घुर्र करत बाहेर येतं, बंद केला की कासवाच्या मानेसारखं आत जातं. मुलाने नातीच्या बारशाला हा कॅमेरा घेतला होता. पुढे सगळ्यांकडे चांगले फोन आले आणि कॅमेरा कपाटात गेला. त्याच सुमाराला मी कामावरून घरी बसले. दोघं एकदमच रिकामे झालो.

मी चौथी शिकलेली बाई. माहेर पेणचं, सासर रोह्याचं, पण नवऱ्याची नोकरी पेणला असल्याने जन्म पेणमध्येच गेला, गणपतीच्या कारखान्यात. माझं काम आखणीचं. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. बाकी सगळं रंगकाम झालं की मूर्ती शेवटी आमच्यापुढे यायची. करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवायची, श्वास रोखायचा आणि पापणीची रेघ एका दमात ओढायची. मध्ये थांबलं की रेघेला गाठ पडते. डोळा चुकला तर मूर्ती कुणाकडेच बघत नाही, आणि तसली मूर्ती कुणी घरी नेत नाही. माझ्या मूर्ती बघायच्या. हे मी फुशारकीने सांगत नाही, लोक मुद्दाम मागून न्यायचे म्हणून सांगते.

मग हाताला कंप सुटला. मालकांनी मला मुकुटाला खडे चिकटवायला बसवलं. थोडे दिवस चिकटवले, मग जाणं सोडलं. नवरा गेल्यावर मुलाकडे, रोह्यासमोरच्या अष्टमी गावाला आले. मुलगा कंपनीत शिफ्टला, सून शाळेत शिकवायला, दुपारभर घरात मी आणि पंखा. एकदा कपाट आवरताना कॅमेरा हाताला लागला. तो गळ्यात घालून मी पूल ओलांडून कुंडलिकेच्या काठाला गेले. त्या दिवसापासून माझं दुसरं काम सुरू झालं.

पहिलं वर्ष मी गवताचे फोटो काढले. काढायचे होते बगळ्याचे, पण कॅमेरा आपल्या मनाने फोकस करतो, म्हणजे कुठली वस्तू धारदार दिसावी हे तोच ठरवतो, आणि त्याला सगळ्यात पुढचं आधी दिसतं. बगळा मागे उभा, पुढे एक काडी. काडी अशी येई की तिच्यावरची मुंगी मोजावी, आणि मागे बगळा म्हणजे चुन्याचा डाग. एक दिवस बाजूचं कसलंसं बटण दाबलं गेलं आणि समोरचं सगळं पुसट झालं. मला वाटलं बिघडला. रोह्यातल्या स्टुडिओवाल्याकडे नेला. त्याने हातात घेतला, हसला आणि परत दिला. म्हणाला, "मावशी, बिघडलाय कुठे? आता फोकस तुम्ही करायचा."

त्याने पडद्यावरची एक आडवी पट्टी दाखवली. पट्टीच्या एका टोकाला छोटं फूल, दुसऱ्या टोकाला डोंगर. चाक या बाजूला फिरवलं की जवळचं दिसतं, त्या बाजूला फिरवलं की लांबचं. एवढंच.

एवढंच असलं तरी मला त्याचं वेड लागलं. पहाटे खाडीवर बसायचं, डोळा कॅमेऱ्याला लावायचा आणि चाक फुलाच्या टोकाला नेऊन ठेवायचं. समोर काहीच नसतं. नुसते रंग, पाण्यात कुंकू आणि हळद सांडावी तसे. मग एकेक दात चाक पुढे सरकवायचं. त्या रंगांतून आधी एखादी काडी उभी राहते, थोडा वेळ थांबते आणि विरघळून जाते. तिच्या मागून चिखल येतो, चिखलावरची खेकड्याची बिळं येतात, तीही जातात. सगळं जाग्यावरच असतं, तरी वाटतं की एकेक जण पुढे येऊन तोंड दाखवून जातोय. आणि मग कुठूनतरी एक डोळा येतो. पिवळा, काळ्या बाहुलीचा, तुमच्याकडेच बघणारा. तिथे चाक सोडायचं. डोळा धारदार असला की बाकी बगळा पुसट चालतो. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

कंपाचं काय, असं लोक विचारतात. माझ्या नणंदेने, यशोदाने, मला वाल दिले होते, ते मी जुन्या अभ्र्याच्या पिशवीत भरून शिवले. बांधावर पिशवी, पिशवीवर कॅमेरा. वाल हवे तसे सरकतात आणि बसले की हलत नाहीत. हात थरथरला तरी कॅमेरा थरथरत नाही.

पुढे गिऱ्हाइकं आली. एका रिसॉर्टवाल्याला जेवणघरात लावायला हसरा पक्षी हवा होता. मी त्याला सांगितलं, पक्षी हसत नाहीत, आणि तुमचं जेवण जेवून तर नाहीच हसणार. तरी त्याने खंड्या नेला. डोळ्यांचे एक डॉक्टर होते, त्यांना दवाखान्यात लावायला बगळे हवे होते. मी हिवाळाभर काढलेले फोटो घेऊन गेले. ते एकेक उलटत गेले.

"मावशी, हे जरा पुसट नाही आलेत?"

मी म्हटलं, यंदा धुकं फार आहे, दहा वाजले तरी खाडीवरनं उठत नाही.

"फोटोत मला धुकं दिसत नाहीये."

"दिसतंय की. हे काय."

त्यांनी मला यंत्रापुढच्या खुर्चीवर बसवलं. मोतीबिंदू होता. दोन्ही डोळ्यांना, उजव्याचा पिकलेला. सगळा हिवाळा मी माझ्याच डोळ्यातल्या धुक्याचे फोटो काढत होते. ऑपरेशन झालं, सगळं लख्ख दिसायला लागलं. घरातल्या कोळिष्टकांसकट. खरं सांगायचं तर त्या धुक्याची मला सवय झाली होती. त्यात पूल नव्हता, पलीकडच्या इमारती नव्हत्या, कचरा नव्हता. नुसते बगळे, आणि तेही असतील-नसतील असे.

आता यशोदाचं सांगते, कारण लोकांना दाखवावा असा माझा फोटो एकच आहे, आणि तो तिच्या घरी आहे.

यशोदा म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. निडी स्टेशनच्या पलीकडे एका गावात दिली. भात कापलं की त्याच शेतात राहिलेल्या ओलीवर वाल पेरायचे, हे तिने सगळा जन्म केलं. गेल्या वर्षी तिच्या मुलांनी ते शेत विकलं. तिथे गोदाम होणार. मुलं वाईट नाहीत, दोघंही कंपनीत आहेत, शेत कुणी करायचं हा प्रश्न खराच होता. यशोदानेही सही केली. रडली नाही. आमच्या घरात रडायची पद्धत नाही.

शिमगा झाला, वाल काढून झाले, आणि मला तिचा फोन आला. "वैनी, तुजा कॅमेरा घेऊन ये. टिटवी बसलेय शेतात."

टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर चार खडे इकडचे तिकडे सारते आणि अंडी घालते. अंड्यांचा रंग मातीचा, वर काळपट ठिपके. दोन हातांच्या अंतरावर उभं राहिलं तरी दिसत नाहीत. आमच्याकडे टिटवी शेतात बसली की तेवढी जागा सोडतात. नांगर असो, पेरणी असो, बैल तिथून वळवतात. का सोडतात ते कुणी सांगत नाही. सोडतात. यशोदाच्या सासऱ्याने सोडली, नवऱ्याने सोडली. आता शेत दुसऱ्याचं, दोन दिवसांत भरावाचं काम सुरू होणार, आणि जेसीबीला टिटवी माहीत नाही.

मी म्हटलं, अगो, शेत विकलंस ना? मग आता त्यांचं ते बघतील.

"शेत इकलं," ती म्हणाली. "टिटवी नाय इकली."

मी गेले तेव्हा घरात भांडण चाललं होतं. तिच्या थोरल्याने, म्हणजे माझ्या भाच्याने, आईचं मन राखायला अंड्यांशेजारी काठी रोवून तिला लाल फडकं बांधलं होतं, ड्रायव्हरला दिसावं म्हणून. यशोदाने ती उपटून आणली होती आणि त्याला विचारत होती, "कावल्याला आवतान दिलंस काय रं?" तिचं खरं होतं. माणसाने जमिनीवर खूण केली की कावळा आधी वाचतो, मग कुत्रं वाचतं, मग मुंगूस. टिटवी वाचते ती खूण नसते म्हणून. आता अडचण अशी की खूण केली तर कावळा खाणार आणि नाही केली तर यंत्र खाणार.

म्हणून तिला फोटो हवा होता. खूण शेतात नको, ड्रायव्हरच्या खिशात हवी.

पहाटे आम्ही दोघी बांधावर जाऊन बसलो. जवळ जायचं नाही, कारण माणूस जवळ गेला की टिटवी उठते, ओरडत भोवती फिरते, आणि तोवर अंडी उन्हात भाजतात. लांबूनच काढायचा. यशोदाने बोट दाखवलं. मी भिंग होतं नव्हतं तेवढं बाहेर काढलं आणि चाक फिरवायला लागले.

पंचाईत माझ्या ध्यानात आली. जन्मभर मी डोळ्याच्या मागे लागलेली बाई, आणि अंड्याला डोळा नसतो. भाताची धसकटं आली, गेली. वाळका वालाचा वेल आला, गेला. मग दगड यायला लागले. एकेक गोल दगड धुक्यातून वर येई, मीच ते, असं म्हणे आणि खाली जाई. ढेकूळ येई, तेही तसंच म्हणे. सूर्य वर आला, जमीन तापली आणि हवा हलायला लागली, पाण्याखालचं दिसतं तसं सगळं शेत डुलायला लागलं. शेतच झोपेत कूस बदलतंय असं वाटत होतं. यशोदा बाजूला बसून म्हणत होती, "तिथंच तर हायत. आंधली हायस काय गो?" तिला उघड्या डोळ्यांनी दिसत होती. मला त्या एवढ्या मोठ्या भिंगातून दिसत नव्हती.

मग टिटवी परत आली. लांब उतरली, इकडे तिकडे बघत, आपलं इथे काही नाहीच असं दाखवत चालत आली आणि बसली. बसल्यावर काम सोपं झालं. लाल कातडी, तिच्यात तो डोळा. मी डोळ्यावर फोकस केला आणि चाकावरून बोट काढलं. कॅमेऱ्याच्या मनावर सोपवलं असतं तर पक्षी उठताच त्याने पुन्हा काडी धरली असती. हाताने लावलेला फोकस लावला तिथेच राहतो. पक्षी जाईल, जागा जाणार नाही. आता फक्त ती उठायची वाट बघायची.

उन्हं वाढली की टिटवी उठून पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवून येते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते, गार राहावीत म्हणून. म्हणजे उठणार हे नक्की होतं. आम्ही बसलो. निडीवरून एक मालगाडी गेली. यशोदाला डुलकी लागली. आणि टिटवीने अंग झाडलं त्याच वेळी माझा कॅमेरा घुर्र करून बंद पडला. बॅटरी वाचवायला आपोआप झोपतो तो. भिंग आत, फोकस गेला, टिटवी उठून पाण्यावर. मी जे बोलले ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. यशोदा जागी होऊन म्हणाली, "येडी झालीस काय, यंत्राला शिव्या घालतेस ती."

पुढच्या पहाटे पुन्हा गेलो; काम त्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू होणार होतं. ती शेवटची सकाळ. सूर्य वर यायच्या आत पिशवी बांधावर ठेवली. टिटवी बसलेलीच होती, तोंड आमच्याकडे. डोळ्यावर फोकस केला. मग विचार केला की डोळा पुढे आहे, अंडी पोटाखाली, चार बोटं मागे. म्हणून चाक केसभर डोंगराच्या बाजूला सरकवलं. टिटवीचा डोळा किंचित मऊ झाला. बरोबर. मग बसून राहिले, आणि आजाऱ्याजवळ बसलेलं माणूस डुलकी लागू नये म्हणून स्वतःला चिमटा घेतं तसं अधूनमधून बटणाला हलकं बोट लावून कॅमेरा जागा ठेवला.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. एका ठिकाणी फार वेळ बघत राहिलं की आपण कुणाच्या डोळ्याने बघतोय ते कळेनासं होतं. टिटवी माझ्याकडे बघत होती, मी टिटवीकडे. पेणच्या कारखान्यात, सीझनच्या शेवटी, फळीवर ओळीने ठेवलेल्या मूर्ती अशाच बघत राहायच्या. ऊन तिरपं आलं, प्रत्येक ढेकळाला सावली आली. टिटवी उठली आणि उडाली. मी श्वास धरला.

ती उठली तिथे माती होती. आणि मातीत, टोकं आत करून, चार अंडी.

तेवढा एक काढला, मग भिंग आत घेऊन, वाल न हलवता, त्याच जागेवरून दुसरा. त्यात बांध, विजेचा खांब, सगळं आलं, म्हणजे जागा कळावी. रोह्याला जाऊन स्टुडिओवाल्याकडून फोनवर घेतले आणि संध्याकाळी निडीला परत.

जेसीबीचा ड्रायव्हर आला होता. परभणीकडचा, तरणा, लग्नाच्या वयाचा. यशोदाने त्याला आधी जेवायला वाढलं, मग फोटो दाखवला. त्याने पाहिला. बोटांनी मोठा केला, लहान केला.

"मावशी, ही तर मातीच हाय की."

"बघत ऱ्हा," यशोदा म्हणाली.

तो बघत राहिला. भाकरीचा हात तसाच. मग त्याचा चेहरा सैल झाला आणि आवाज खाली आला. "चार हाईत." एकदा दिसली की न दिसणं जमत नाही, त्या अंड्यांचं असंच आहे. त्याने दोन्ही फोटो स्वतःच्या फोनवर घेतले आणि दुसऱ्या शिफ्टच्या ड्रायव्हरला पाठवले. त्याच्याकडे टिटवीला काय म्हणतात, तिथेही नांगर वळवतात का, हे यशोदाने विचारलं. तो म्हणाला, वळवत्यात की, आता जेसीबी वळवायचा, एवढंच.

भराव आला. लाल मातीचे डंपर ओतत गेले, शेत वर वर चढत गेलं, आणि मध्ये खळ्याएवढा तुकडा जुन्या पातळीवर राहिला. खाडीकडची एक बाजू त्याने मोकळी ठेवली, पिल्लांना निघायला वाट हवी म्हणून. साहेबाने विचारलं, हा खड्डा का ठेवलाय. तर म्हणाला, खालून पाणी लागतंय साहेब, सुकू द्या. आम्ही बांधावर बसून ऐकत होतो. यशोदाने पदर तोंडाला लावला. हसत होती. टिटवी त्या गोंगाटात, धुळीने लाल होऊन, बसून राहिली होती.

आणि एका सकाळी ती उठली तर खाली अंडी नव्हती. नुसती टरफलं होती आणि भोवती माती चालत होती. काड्यांवर ठेवलेले मातीचे गोळे, इतकीच ती पिल्लं. मी चाक फिरवायला घेतलं. ती फुलाकडे पळाली, मी फुलाकडे गेले तर डोंगराकडे पळाली. सगळे फोटो पुसट आले. एकही कामाचा नाही. ती मोकळ्या बाजूने उतरली, टिटवी पुढे, आणि खाडीच्या गवतात गेली. ड्रायव्हर यंत्र बंद करून खाली उतरून उभा होता. गवत हलायचं थांबलं तेव्हा तो वर चढला आणि तो तुकडा भरून टाकला. आम्ही अजून बांधावरच होतो.

यशोदा आता रोह्यात मुलांकडे, दुसऱ्या मजल्यावर राहते. तो फोटो मोठा करून, काच लावून, तिने बाहेरच्या खोलीत लावलाय. सुनेला तिथे धबधबा हवा होता. येणारे-जाणारे विचारतात, मातीचा फोटो कशाला लावलाय. यशोदा चहा ठेवते आणि काही सांगत नाही. मला ते बोचायचं. दोन सकाळी बसून, श्वास धरून काढलेली अंडी, आणि लोक माती म्हणून मोकळे होतात. परवा मी तिला म्हटलं, अगो, निदान बोट लावून दाखव तरी त्यांना.

ती वाल सोलत होती. बाजारातले होते, आता विकत आणते. मान वर न करता म्हणाली, "अंडी काय वैनी, उडून गेली. लोक माती म्हंतात ते बरोबरच हाय. मी पन मातीच बघते."

मी उठून फोटोजवळ गेले. इतके दिवस मी त्यात चार अंडीच बघत होते. त्यांच्या भोवती भाताची धसकटं होती, वालाचा एक वाळका वेल होता, जमिनीला पडलेली भेग होती, आणि एका बाजूला अनवाणी टाचेचा ठसा होता, यशोदाचाच असणार. तेही सगळं धारदार आलं होतं. चाक केसभर डोंगराकडे सरकवलं होतं ना, त्यामुळे.